पी.११सी लढाऊ विमानाचे व्हॅक्यूम-फॉर्म किट : काही महिन्यांच्या कामानंतरचा अनुभव

पोलंडच्या पीझेडएल या विमान कारखान्याच्या पी.११सी या लढाऊ विमानाचे १:७२ प्रमाणातले व्हॅक्यूम-फॉर्म किट गेले काही महिने माझ्या कामाच्या टेबलावर होते. मॉडेल आता पूर्ण झाले आहे, रंग पक्का वाळला आहे आणि सांध्यांना मुरायला पुरेसा अवधी मिळाला आहे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. या प्रकारच्या किटचे गुणदोष नुसता डबा उघडून कळत नाहीत. बरेचसे सांधे जुळवताना उघड होतात आणि काही तर रंगकाम संपल्यावर बऱ्याच दिवसांनी दिसू लागतात.

डब्यात पांढऱ्या पॉलिस्टायरीनची शीट, पुढच्या काचेसाठी पारदर्शक प्लास्टिकचा लहान तुकडा, डिकॅल (मॉडेलवर उतरवायची चिन्हांची पातळ चित्रे) आणि आराखड्याचा कागद एवढेच साहित्य येते. तापवून मऊ केलेले शीट साच्यावर पसरून खालची हवा ओढून घेतली की ते साच्याला घट्ट बसते, आणि विमानाचे भाग त्याच शीटवर उठावाच्या रूपात तयार होतात. वितळलेले प्लास्टिक साच्यात दाबून भरण्याच्या इंजेक्शन पद्धतीला लागणारे पोलादी साचे अतिशय खर्चिक असतात. इथे मात्र लाकडाचा किंवा रेझिनचा साचाही चालतो. त्यामुळेच मोठ्या उत्पादकांनी कधी हात न लावलेली अनेक विमाने वर्षानुवर्षे केवळ याच पद्धतीने उपलब्ध होती. याची किंमत तपशिलात मोजावी लागते. उठावाच्या साच्यावर शीटची आतली बाजू टेकते आणि आपल्याला दिसते ती बाहेरची. साच्यावरची प्रत्येक धार शीटच्या जाडीतून बाहेर येईपर्यंत बोथट होते.

पी.११चे सारे वेगळेपण त्याच्या पंखात आहे. झिग्मुंट पुवाफ्स्की या अभियंत्याने आखलेला हा पंख धडापाशी पातळ असतो, तिथून वर चढतो, टेकूच्या, म्हणजे पंखाला धडापासून आधार देणाऱ्या तिरक्या दांड्याच्या, जोडापाशी सर्वांत जाड होतो आणि मग टोकाकडे पुन्हा निमुळता होत जातो. वैमानिकाला पुढचे मोकळे दिसावे हा त्यामागचा हेतू होता. पुवाफ्स्की १९३१ मध्ये स्वतःच आखलेल्या दुसऱ्या एका विमानाच्या अपघातात गेले, पी.११चा पहिला नमुना त्याच वर्षी, त्यांच्या पश्चात उडाला. किट कसे आहे याचा निवाडा म्हणूनच मी पंखावरून करतो, आणि या किटने पंखाची बाह्यरेषा खरोखर चांगली पकडली आहे. मूळ विमानाची पंखरुंदी १०.७२ मीटर आणि लांबी ७.५५ मीटर, म्हणजे या प्रमाणात अनुक्रमे सुमारे १४९ आणि १०५ मिलीमीटर; घासून तयार झालेले भाग या मापांशी नीट जुळले.

भाग शीटमधून सोडवण्याची रीत ठरलेली आहे. उठाव जिथे सपाट शीटला मिळतो तिथे बारीक पेनाने रेघ मारायची, त्या रेघेबाहेरून कटर तिरका धरून हलकेच फिरवायचा आणि शीट वाकवून भाग मोकळा करायचा. मग काचेवर चिकटवलेल्या वॉटर पेपरवर, पाणी घालत, भाग गोल गोल फिरवून घासायचा. पाण्यामुळे प्लास्टिकची भुकटी हवेत उडत नाही आणि पेपरही लवकर भरत नाही. पेनाची रेघ केसाएवढी उरली की थांबायचे, कारण तिच्यापलीकडे घासलेले सारे मूळ आकारातून वजा होते. पंखाची मागची कड आतूनही पातळ करावी लागते. शीटची जाडी एक मिलीमीटर धरली तर वरखालचे दोन अर्धे नुसते चिकटवल्यावर कड दोन मिलीमीटर जाड होते, आणि १:७२ प्रमाणात ती मूळ विमानावर १४ सेंटीमीटरहून जाड कड ठरते. आतून तिरके घासत प्रकाशात धरल्यावर प्लास्टिक किंचित अर्धपारदर्शक दिसू लागले की जाडी बेताची झाली असे समजावे.

पंख वर चढून पुन्हा सपाट होणारा असल्याने सांध्याची पातळी एकसलग नाही, त्यामुळे त्याला काचेवर घासण्याची ही रीत पूर्ण लागू पडत नाही. बाहेरचा लांब भाग काचेवर घासता येतो. धडाकडचा चढता भाग मात्र अरुंद पट्टीवर चिकटवलेल्या पेपरने, हातात धरून, निराळ्या कोनात घासावा लागतो. दोन्ही पातळ्या जिथे मिळतात तिथे फट पडू नये यासाठी डोळ्यांत तेल घालून काम करावे लागते. आराखड्याच्या कागदावर याचा अवाक्षरानेही उल्लेख नाही, आणि या किटमधील ती सर्वांत गंभीर उणीव आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा कस लागतो तो पत्र्याच्या पन्हाळींचा. मूळ पंखावर बारीक उभ्या पन्हाळी असलेला ड्युरॅल्युमिन या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा होता, आणि तिरप्या उजेडात तो पृष्ठभाग खादीच्या बारीक विणीसारखा दिसतो. किटमध्ये या पन्हाळी पंखाच्या मधल्या पट्ट्यात समाधानकारक उतरल्या आहेत. पुढच्या कडेवर, जिथे शीटला सर्वांत जास्त वळावे लागते, त्या जवळजवळ विरून गेल्या आहेत; शिवाय सांधा भरून घासल्यावर उरलेल्याही तिथून नाहीशा होतात. यावर मला मानवलेला उपाय असा : अतिबारीक दातांच्या करवतीचे सुटे पाते घ्यायचे, त्याचे दात पंखावर टेकवून पाते पन्हाळींच्या दिशेने पुढून मागे अलगद ओढायचे. एका ओढीत अनेक समांतर चरे उमटतात. शेजारच्या शाबूत पन्हाळींत पात्याच्या एका टोकाचे दात अडकवून ठेवले तर नवी रेघ जुनीशी समांतर राहते. नंतर सँडिंग स्पंजचा हलका हात आणि पातळ प्रायमर दिला की जुने आणि नवे वेगळे ओळखू येत नाही. या कामाला वेळ लागतो, पण मॉडेल जिवंत होते ते इथेच, आणि मी ते पुन्हा आनंदाने करीन.

धडाच्या दोन अर्ध्यांना जुळवायला खुंट्या नसतात. उरलेल्या शीटचे छोटे तुकडे एका अर्ध्याच्या आतून, कडेबाहेर थोडे डोकावतील असे चिकटवले की दुसरा अर्धा त्यांवर अचूक बसतो. पंख वरच्या बाजूने धडाला मिळत असल्याने आत जाड प्लास्टिकची आडवी पट्टी घालणे आवश्यक आहे. टेकूंवर सारा भार सोडू नये. टेकू आणि चाकांचे पाय किटमध्ये उठावाच्या रूपात दिले आहेत, पण त्यांचा उपयोग मापापुरताच. मी पितळी तार आणि प्लास्टिकची निमुळती पट्टी वापरून ते नव्याने केले. पुवाफ्स्कीच्या रचनेत चाकांचे धक्के शोषणारे भाग धडाच्या आत होते, त्यामुळे बाहेर दिसणारे पाय सडपातळ आणि नेटके हवेत. जाड पाय बसवले तर विमान बोजड दिसते.

नऊ सिलिंडरचे ब्रिस्टल मर्क्युरी इंजिन आणि त्याचा पंखा (प्रोपेलर) यांसाठी सुटे रेझिनचे भाग घ्यावेत. किटमधील इंजिन ओळखू येण्यापुरतेच आहे, आणि पी.११सीमध्ये पुढचे दिसावे म्हणून इंजिन मुद्दाम खाली घेतलेले असल्याने समोरून पाहणाऱ्याची नजर तिथेच जाते. कॉकपिटच्या आतले सारे आपणच करायचे. या बाबतीत पोलंडमधील क्राकुफच्या विमान संग्रहालयात जपलेल्या, आज उरलेल्या एकमेव पी.११सीची छायाचित्रे अतिशय उपयोगी पडतात.

रंग सोपा आहे : वर खाकी, खाली फिकट निळसर. डिकॅलमधील लाल-पांढरे चौकट पन्हाळींवर बसवताना मऊ करणारे द्रावण अनेकदा लावावे लागले. कोरडे होऊ देत, पुन्हा लावत ते अखेर प्रत्येक चरीत उतरले.

काही महिन्यांनंतरची स्थिती अशी. पंखांची उंची तसूभरही ढळलेली नाही, तारेचे पाय भक्कम आहेत. धडाच्या पाठीवरचा सांधा मात्र एका जागी किंचित खोल गेलेला दिसतो. आतून चिकटवलेल्या तुकड्यांखाली द्रव सिमेंट (प्लास्टिक विरघळवून जोडणारा पातळ गोंद) साचून राहते, ते हळूहळू उडून जाते आणि वरचे पातळ प्लास्टिक आत ओढले जाते. ज्यांना हे किट करायचे आहे त्यांनी धड जुळवल्यावर निदान काही आठवडे ते बाजूला ठेवून पंखाचे काम हाती घ्यावे, आणि पाठीवरचा सांधा अगदी शेवटी घासावा. तसेच आतल्या तुकड्यांसाठी सिमेंटऐवजी सुपरग्लू वापरावा. चाकांच्या जोडाजवळ मी तो वापरला होता आणि तिथले पृष्ठ आजही सपाट आहे.