सेन्सस की मृत्युपत्रं? जुन्या अमेरिकेतलं घराणं शोधताना

१८५० च्या आधीचा अमेरिकन सेन्सस दिसायला सोपा, ऑनलाइन नाव टाकलं की पान समोर, पण नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकी बायकापोरं म्हणजे रकान्यातले नुसते आकडे, आणि व्हर्जिनियाचा १७९० चा सेन्सस तर शिल्लकच नाही, टॅक्सच्या याद्यांवर भागवायचं. त्यापेक्षा मृत्युपत्रं बघा. अक्षर किचकट, पण बापच लिहितो की शेत थोरल्याला, गाय धाकटीला, लग्न झालेल्या मुलीचं सासरचं आडनावही कधीकधी तिथेच सापडतं. गुलाम माणसंसुद्धा त्यात मालमत्ता म्हणून नावानिशी वाटलेली असतात, वाचवत नाही, पण त्यांच्या वंशजांना बऱ्याचदा तोच एक धागा. अर्थात ज्याच्याकडे काहीच नाही तो मृत्युपत्र कशाला करेल? तिथे मग सेन्ससच, आणि कोर्टातली दप्तरंच जळाली असतील तर सगळीच बोंब.