पुण्यातून स्टॉक फुटेज विकणं: शटरस्टॉक, अ‍ॅडोबी स्टॉक आणि पॉन्ड५ बरेच महिने वापरल्यानंतर

स्टॉक फुटेज म्हणजे तयार छोट्या क्लिप, ज्या अशा वेबसाइटवर ठेवल्या की लोक आपल्या कामासाठी विकत घेतात. या तिन्ही वेबसाइटवर खातं उघडायला पैसे लागत नाहीत, ओळखपत्र दिलं की अपलोड सुरू करता येतं. त्यामुळे सुरुवात सोपी वाटते. खरं काम नंतर आहे, आणि त्यात कॅमेरा चालवणं हा लहान भाग. क्लिप विकत घेणारा असतो कुठल्यातरी जाहिरात कंपनीतला किंवा न्यूज चॅनेलचा एडिटर. त्याला डोक्याला ताप न होता वापरता येईल असं फुटेज हवं असतं: मागे कुणाचा लोगो नाही, चेहरा दिसतोय तर त्याची सही आहे, दिवे लुकलुकत नाहीत, मजकूर टाकायला जागा आहे. सुंदर पण अडचणीची क्लिप तो सोडून देतो आणि साधी पण निर्धोक क्लिप उचलतो. हे एकदा मनात बसलं की बाकीचे निर्णय आपोआप होतात.

आधी पुण्याबद्दल, कारण कॅमेरा हातात आला की पहिला विचार येतो शनिवारवाड्याचा. शनिवारवाडा, आगाखान पॅलेस, पाताळेश्वर ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची संरक्षित स्मारकं आहेत. तिथे ट्रायपॉड लावायला परवानगी लागते आणि व्यावसायिक चित्रीकरणाची परवानगी वेगळी काढावी लागते. मेट्रो स्टेशन आणि रेल्वे प्लॅटफॉर्मचंही तेच. लोहगाव, खडकी, देहूरोड, खडकवासल्याची एनडीए हा सगळा संरक्षण खात्याचा परिसर, त्याकडे कॅमेरा वळवायचाच नाही. ड्रोन घ्यायचा विचार असेल तर खरेदीच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा उघडा आणि आपण जिथे उडवणार ती जागा कुठल्या रंगात येते ते बघा. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे, त्यामुळे शहराच्या मोठ्या भागावर निर्बंध आहेत. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. म्हणून तो नकाशावरच्या लाल, म्हणजे परवानगीशिवाय बंदी असलेल्या झोनमध्ये उडवता येतो असा अर्थ काढू नका.

गणपतीची मिरवणूक, ढोल-ताशा पथकं, पालखी यांचं फुटेज विकलं जातं, पण ‘एडिटोरियल’ म्हणून. म्हणजे बातमीत, माहितीपटात चालेल, जाहिरातीत नाही. गर्दीतल्या प्रत्येकाची सही घेणं शक्य नसतं, पथकाच्या झेंड्यावर नाव असतं आणि मंडळाची सजावट ही कुणाची तरी कलाकृती असते. शटरस्टॉकला एडिटोरियल क्लिपच्या वर्णनाची सुरुवात ठरलेल्या पद्धतीने हवी: शहर, राज्य, देश, मग तारीख, मग कोलन देऊन काय चाललंय ते. तारीख चित्रीकरणाची, अपलोडची नव्हे. इथे चूक झाली की फुटेज कितीही चांगलं असो, परत येतं.

जे खरंच चालतं ते घरात आहे. फोनवर बोलणारे आजोबा, औषधाच्या गोळ्या मोजणारे हात, लॅपटॉपसमोर मुलाला मांडीवर घेऊन बसलेली आई, खिडकीच्या काचेवरचा पाऊस, दुकानात फोनने पैसे देणं. भारतीय चेहरे, भारतीय घरं आणि साधी कामं यांना मागणी आहे, आणि हे सगळं आपल्या ताब्यात असतं.

स्वयंपाकघराचं एक दृश्य नीट बघू: तव्यावरून काढलेली पोळी आचेवर टम्म फुगते. आधी ओटा मोकळा करा. तेलाची पिशवी, मिक्सर, कुकरवरचं नाव, शेगडीवरची पट्टी, फ्रिजचं चिन्ह, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं चौकटीबाहेर. मिसळणाचा डबा, पोळपाट-लाटणं, स्टीलची भांडी ठेवा. त्यांवर बहुतेक वेळा नाव नसतं. भिंतीवर वारली चित्र असेल तर तेही काढा, कारण ते ज्याने काढलं त्याचा हक्क त्यावर असतो. कॅमेरा ट्रायपॉडवर, खिडकी पोळीच्या मागच्या बाजूला तिरकी, म्हणजे वाफ उजळून दिसते. समोरून प्रकाश पडला तर वाफ दिसतच नाही. डावीकडचा एक तृतीयांश भाग रिकामा सोडा. रेकॉर्डिंग पोळी आचेवर जायच्या पाच सेकंद आधी सुरू करा आणि उचलल्यावरही पाच सेकंद चालू ठेवा. लोक इथेच घाई करतात आणि शेवटच्या अर्ध्या सेकंदात कॅमेरा हलतो. सेकंदाला ५० फ्रेमवर घेतलं तर एडिटिंगमध्ये २५ च्या टाइमलाइनवर अर्ध्या वेगाने मिळतं. मग तेच दृश्य जवळून, वरून, आणि नुसत्या हातांचं, असं पुन्हा घ्या. एका पिठाच्या गोळ्यातून चार वेगळ्या क्लिप निघतात. मात्र चौघी जुळ्या दिसल्या तर ‘सारखा मजकूर’ म्हणून नाकारल्या जातात, तेव्हा अंतर आणि कोन खरोखर बदला.

फोनने पैसे देण्याच्या दृश्यात दुकानातला क्यूआर कोड वापरू नका. त्यात दुकानदाराची माहिती असते आणि भोवती अ‍ॅपचा लोगो. कोऱ्या कागदावर नुसत्या वाक्याचा कोड बनवून छापा, फोनचा पडदा बंद किंवा सपाट हिरवा ठेवा. हिरव्या पडद्यावर ग्राहकाला स्वतःचं अ‍ॅप बसवता येतं, म्हणून अशा क्लिपला जास्त गिऱ्हाईक.

आता लुकलुकणं. नवख्यांच्या फुटेजमध्ये सर्वांत जास्त दिसणारा दोष हाच, आणि कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर तो लक्षात येत नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि बरेच एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर, म्हणजे एक फ्रेम उजेड घेते तो वेळ, सेकंदाच्या १/५० किंवा १/१०० ठेवलं तर प्रत्येक फ्रेममध्ये पूर्ण लाटा येतात आणि उजेड सारखा राहतो. कॅमेरा ३० फ्रेम आणि १/६० वर असेल तर लाट अर्धवट कापली जाते आणि पट्टे वर-खाली सरकताना दिसतात. म्हणून घरात कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये ‘पाल’ (PAL, २५-५० फ्रेमची व्हिडिओ पद्धत) निवडा: २५ फ्रेमला १/५०, ५० फ्रेमला १/१००. संथगतीसाठी १२० ऐवजी १००. दुकानांच्या एलईडी पाट्यांना हा हिशोब लागू पडत नाही, त्यांची लय वेगळी असते. तिथे शटर थोडं थोडं बदलत पट्टे कधी थांबतात ते डोळ्यांनी बघायचं. एडिटिंगमध्ये फ्लिकर काढायची साधनं आहेत, पण चेहऱ्यावर ती डाग सोडतात. असं फुटेज पुन्हा घेतलेलं बरं.

बाहेर उन्हात उलटी अडचण. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/२.८ (लेन्सचं छिद्र) आणि शटर १/५० हवं असेल तर भर दुपारी साधारण सहा स्टॉप प्रकाश कापावा लागतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणून व्हेरिएबल एनडी फिल्टर, म्हणजे फिरवून कमी-जास्त काळी करता येणारी काच, लागतोच. लॉग प्रोफाइलला (नंतर रंग लावण्यासाठी मुद्दाम फिकं रेकॉर्ड करायची पद्धत) किमान आयएसओ ८०० असेल तर आणखी तीन स्टॉप. स्वस्त फिल्टर टोकापर्यंत फिरवला की आकाशात काळसर फुली उमटते, आणि तपासणारे ती पकडतात. लॉगचा मोह सुरुवातीला टाळा. फिकं, राखाडी फुटेज तसंच पाठवलं तर नाकारलं जाण्याची शक्यता जास्त, आणि रंग नीट लावता येत नसतील तर सावल्यांमधला नॉइज (दाणेदार ठिपके) वर येतो. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती या कामाला पुरते, ३८४० बाय २१६० पर्यंत एक्सपोर्ट देते. नॉइज काढायचं साधन मात्र विकतच्या आवृत्तीत आहे, म्हणून शूट करतानाच उजेड वाढवा.

एक्सपोर्टमध्ये आवाजाचा ट्रॅक काढून टाका. मागे वाजणारं गाणं किंवा कुणाचं बोलणं राहिलं तर हक्काचा प्रश्न येतो. लांबी शटरस्टॉक आणि अ‍ॅडोबीला ५ ते ६० सेकंद चालते. १० ते २० सगळ्यांत उपयोगी. प्रोरेस ४२२ एचक्यू या कमी दाबलेल्या, मोठ्या फाइलच्या प्रकारात ४के, २५ फ्रेमचं फुटेज सेकंदाला सुमारे ७३७ मेगाबिट घेतं. वीस सेकंदांची फाइल पावणेदोन जीबीच्या पुढे जाते आणि अ‍ॅडोबीची ३.९ जीबीची मर्यादा बेचाळीस सेकंदांतच संपते. कॅमेरा मुळात एच.२६४ (जास्त दाबलेला, लहान फाइलचा प्रकार) मध्येच रेकॉर्ड करत असेल तर एवढ्या मोठ्या फाइलचा उपयोग नाही. १०० मेगाबिटचा एच.२६४ ठेवला तर तीच वीस सेकंदांची क्लिप २५० एमबीत बसते.

सहीचे फॉर्म. चेहरा ओळखू येतो त्या प्रत्येकाचा मॉडेल रिलीज (चेहरा वापरायची लेखी परवानगी), अठराखालच्या मुलांसाठी पालकाची सही, आणि घर दुसऱ्याचं असेल तर प्रॉपर्टी रिलीज (जागेची तशीच परवानगी). फॉर्म इंग्रजीत असतात. शेजारच्या काकू विश्वासाने सही करतील, तरी त्यांना आधी मराठीत स्पष्ट सांगा की हा चेहरा जगात कुठल्याही जाहिरातीत दिसू शकतो आणि विकल्यावर परत घेता येत नाही. हे सांगितल्यावर कुणी नको म्हटलं तर ते मान्य करायचं. साक्षीदाराची जागा असेल तर तिसऱ्या माणसाची सही घ्या, कॅमेरा धरणाऱ्याची नको. फॉर्मवरची तारीख आणि चित्रीकरणाची तारीख जुळली पाहिजे.

कीवर्ड, म्हणजे ग्राहक ज्या शब्दांनी क्लिप शोधतो ते भरणं, हे कंटाळवाणं काम आहे आणि विक्री बरीचशी त्यावरच ठरते. अ‍ॅडोबीमध्ये क्रमाला महत्त्व आहे, पहिले दहा शब्द सर्वांत वजनदार. शटरस्टॉकला कमीत कमी ७, जास्तीत जास्त ५०. आधी दृश्यात काय आहे ते, मग कोण, कुठे, कोणता प्रहर, आणि शेवटी भाव: एकटेपणा, काळजी, आनंद. चौकटीत नसलेली गोष्ट लिहायची नाही. अपलोड शंभराच्या घरात गेले की वेबसाइटवर एकेक भरत बसू नका, सगळ्या क्लिपचं वर्णन आणि कीवर्ड असलेली तक्त्यासारखी सीएसव्ही फाइल बनवा. दिवाळीचं फुटेज दिवाळीत चढवलं तर उशीर होतो. जाहिरातवाले दोन-अडीच महिने आधी शोधतात. म्हणून यंदाचे आकाशकंदील पुढच्या श्रावणात चढवायचे.

तिघांतला फरक थोडक्यात. अ‍ॅडोबी व्हिडिओला ३५ टक्के देते आणि २५ डॉलर जमले की पैसे काढता येतात, पण पहिल्या विक्रीनंतर ४५ दिवस थांबावं लागतं. शटरस्टॉकला २०२० पासून पायऱ्या आहेत, १५ ते ४० टक्के, आणि दर १ जानेवारीला सगळे परत तळाशी. नव्या माणसाला हे जाचक आहे आणि मला ही पद्धत मुळीच पटत नाही. तरीही तिथला ग्राहकवर्ग मोठा असल्याने सोडवत नाही. पॉन्ड५ २०२२ मध्ये शटरस्टॉकने विकत घेतलं. एडिटोरियल आणि जुन्या वळणाच्या फुटेजला तिथे जागा आहे. सुरुवातीला कुठेही एक्सक्लुझिव्ह, म्हणजे एकाच साइटला बांधलेले, होऊ नका. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला व्हिडिओ अ‍ॅडोबी तशी खूण केली तर घेते, शटरस्टॉक योगदानकर्त्यांकडून घेत नाही. सबस्क्रिप्शनवरच्या विक्रीत एका क्लिपचे हातात फार थोडे पैसे पडतात. काही शे चांगल्या क्लिप होईपर्यंत पगाराची तुलना मनात आणू नका.

कराचा फॉर्म पहिल्याच दिवशी भरा. डब्ल्यू-८बेन नावाचा हा फॉर्म रिकामा ठेवला तर अमेरिकेतल्या विक्रीवर ३० टक्के कापले जातात. भारत-अमेरिका करारातलं रॉयल्टीचं कलम १२ निवडून पॅन क्रमांक दिला की ते १५ वर येतात. नाव पॅनवर आहे अगदी तसंच लिहा, आणि फॉर्मची मुदत सही केल्यानंतरच्या तिसऱ्या कॅलेंडर वर्षाच्या अखेरीस संपते हे नोंदवून ठेवा. तिकडे कापलेल्या कराची इथे वजावट मिळते, पण त्यासाठी वेगळा फॉर्म लागतो, तेव्हा सीएला जुलैची वाट न बघता आधी सांगा. पेपाल किंवा पेओनियर, दोन्हीकडे डॉलरचे रुपये करताना दरात कपात होते. दर आठवड्याला चिल्लर काढण्यापेक्षा रक्कम साठू द्या.

मूळ फुटेज दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, विकली गेलेली क्लिपसुद्धा पुसू नका, कारण पुढे नवीन साइटवर तीच पुन्हा चढवता येते. पावसाळ्यात लेन्स बॅगेत बंद करून ठेवल्या की बुरशी धरतात. झाकणाच्या हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक टाका, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. जेलचे दाणे रंग बदलले की तापवून पुन्हा वापरता येतात.