गालावरच्या खड्ड्यांच्या ध्यासावर सीबीटी: पद्धत पटली, क्लिनिकवर राग आहे

सीबीटी म्हणजे बोलून विचार आणि सवयी बदलायचा मानसोपचार. मी तो घेते त्या क्लिनिकमधून गेल्या आठवड्यात फोन. "तुमच्या मॅडम सोडून गेल्यात, नव्या मॅडमकडं दाखवायचं तर रजिस्ट्रेशन परत करायला लागतंय बघा." वर पहिल्या भेटीची जादा फी. माझी फाइल त्यांच्याच कपाटात आहे, तरीही! पावसाळ्यापासून निपाणीहून बेळगावला जाते आहे. कोल्हापूर जवळ पडतं, पण कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बेळगावची साधी बस बायकांना फुकट, म्हणून इकडे. तिकिटाचे वाचवलेले पैसे यांना का द्यायचे?

आता मूळ उपचाराबद्दल. विचारांची वही, म्हणजे छळणारा विचार आणि त्यापुढे त्याचा पुरावा, सगळे लिहितात, मीही लिहिली. 'बघायला आलेले लोक माझे खड्डे बघून उठले' या वाक्यापुढे पुरावा लिहायला बसले, तर हातात एकच गोष्ट होती: पत्रिका जुळत नाही असा त्यांचा निरोप. वहीचा उपयोग झाला. पण खरा फरक पडला आरशाने, आणि माझी तक्रारही आरशाचीच आहे.

मी ट्यूबलाइटखाली नाक टेकेल इतक्या जवळून गाल बघायची. दुकानांच्या काचा, मोबाइलचा कॅमेरा, काही सोडायची नाही. वर आईला सारखं, "आज जास्त दिसतात का गं?" मॅडमनी दोन्ही थांबवायला लावलं. तपासलं की घटकाभर बरं वाटतं, म्हणूनच मन पुन्हा तपासायला लावतं. आईलाही बोलावून सांगितलं, उत्तर द्यायचं नाही. त्याऐवजी आरशापासून दोन-तीन फुटांवर उभं राहून डोक्यापासून पायापर्यंत बघायचं आणि 'विद्रूप' वगैरे न म्हणता नुसतं वर्णन करायचं: केस कुरळे, कपाळ रुंद, गालावर डाग.

सुरुवातीला वाटलं, याची कसली फी? त्यात क्लिनिकमध्ये आरसा एकच, बेसिनवरचा, तळहाताएवढा! लांबून त्यात काही दिसत नाही, जवळ गेलं की फक्त गाल. जी सवय मोडायला आले, तिचीच तिथे सोय. माझ्या एक-दोन भेटींच्या पैशात उभा आरसा आला असता. माझं शिकणं यामुळे लांबलं, हे मी ठामपणे सांगते.

गणपतीच्या सुमारास घरच्या कपाटाच्या आरशासमोर नेटाने सुरू केलं. जोडीला ओढणी न गुंडाळता बाजारात जायचं. किती जण गालाकडे बघतील याचा अंदाज आधी लिहायचा, मग प्रत्यक्ष बघायचं. मी 'सगळे' लिहिलं होतं. भाजीवाली सुट्ट्या पैशांवरून भांडत होती, तिने माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिथे माझं मत बदललं. उपचारांच्या सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांतही रूपाच्या ध्यासासाठी सीबीटीत हेच आहे: टाळतो त्याला सामोरं जायचं, तपासणं रोखायचं. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या स्टेरॉइडच्या क्रीमवर मी जे पैसे घालवत होते, ते आता पूर्ण वाचतात. ती क्रीम कातडी पातळ करतात, ते वेगळंच.

फी परवडत नसेल तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी नव्या मॅडमकडे जाणार आहे, पण रजिस्ट्रेशनचे पैसे देणार नाही. तुम्ही कुठेही जा, खोलीत उभा आरसा आहे का, एवढं आधी फोनवर विचारा.