निळा ड्रॅगन की गुलाबी फुलं: चिनी शाही पोर्सेलिनवरची दोन कामं

चीनमधल्या चिंगदेचेन शहरातल्या शाही भट्ट्यांतला निळा ड्रॅगन कच्च्या, न भाजलेल्या भांड्यावर काढला जाई. माती कुंचल्यातलं पाणी तत्क्षणी शोषते, त्यामुळे चुकलेली रेघ पुसता येत नाही. कोबाल्टचा रंग त्या वेळी काळपट दिसतो. वर झिलई, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा थर, चढवून सुमारे 1300 अंश सेल्सिअसला भाजल्यावरच निळाई उमटते. रंग जाड बसला की त्यातलं लोह झिलईत काळे ठिपके धरतं. सम्राट शुआनदेच्या काळातल्या (1426–1435) भांड्यांवर हे ठिपके ड्रॅगनच्या खवल्यांना वजन देतात, म्हणून मला ते दोष वाटतच नाहीत. पंजाला पाच नखं म्हणजे सम्राटाची खूण. काही भांड्यांवर पाचवं नख नंतर घासून काढलेलं आढळतं.

फुलांचं काम उलट्या क्रमाने होतं. सम्राट योंगचंगच्या काळात (1723–1735) आधीच भाजलेल्या पांढऱ्याशुभ्र झिलईवर मीना, म्हणजे काचेच्या भुकटीचे रंग, रंगवत आणि 700–800 अंशांवर पुन्हा भाजत. भट्टीत जाण्याआधी चूक पुसता येते. गुलाबी रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांतून येतो. त्याखाली आर्सेनिकयुक्त अपारदर्शक पांढरा दिला की पाकळी एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला फिकी करता येते. काही ताटल्यांवर फांदी बाहेर बुडाशी सुरू होऊन काठ ओलांडत आत फुलते. पण मीना वरच्या वर असल्याने वापराने झिजतो, ओरखडे पडतात.

रोज हाताळायचं भांडं असेल तर झिलईखालचा ड्रॅगन टिकतो. नुसत्या चित्रकलेसाठी मात्र मी योंगचंगची फुलंच निवडेन.