फ्लोअरिंगचं पेटंट आणि प्रायर आर्ट: क्लेम ऐसपैस वाचावा की वर्णनाला धरून?

फ्लोअरिंग म्हणजे थरांचा धंदा: बेस, चिकट थर, फिल्म, वरचा कोट. त्यामुळे क्लेममधला (पेटंट नेमका कशावर हक्क सांगतं त्या वाक्यातला) एखादा शब्द जरा सैल वाचला, तरी जुना कागद, म्हणजे प्रायर आर्ट (आधीच जाहीर झालेलं पेटंट किंवा लेख), आडवा येतो.

अमेरिकेत दोन्ही वाचनं चालतात. पेटंट ऑफिसात अर्जाच्या परीक्षणात आणि री-एक्झामिनेशनमध्ये (दिलेल्या पेटंटच्या फेरतपासणीत) वाजवी तेवढा ऐसपैस अर्थ घेतात. कोर्टात 2005 च्या फिलिप्स निकालाप्रमाणे, पेटंटमधलं शोधाचं वर्णन वाचून त्या विषयातल्या जाणकाराला जो कळेल तो अर्थ. 13 नोव्हेंबर 2018 पासून दाखल झालेल्या इंटर पार्टीज रिव्ह्यूलाही (पेटंट ऑफिसपुढे दुसऱ्या कुणी पेटंटला दिलेल्या आव्हानालाही) तोच लागतो.

सर्च करताना ऐसपैस वाचनच बरं, काही निसटत नाही. पण निष्कर्ष काढताना त्यातली एक गोष्ट फार खुपते: ‘कॉम्प्रायझिंग’ (‘यांचा समावेश असलेलं’). हा शब्द आला की वर आणखी काहीही चढवलेलं चालतं असं धरतात, आणि मधल्या थरात दडलेली फिल्मसुद्धा ‘फिनिश’ ठरते. सूटको सरफेस या कंपनीच्या 2010 च्या प्रकरणात नेमकं हेच झालं. क्लेम होता जमिनीचा वरचा पृष्ठभाग फिनिश करणाऱ्या मटेरियलचा. फेडरल सर्किटने (पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या कोर्टाने) पेटंट ऑफिसच्या बोर्डाचं वाचन अवाजवी ठरवलं: फिनिश म्हणजे सगळ्यात वरचा, शेवटचा थर. तेही ऐसपैस वाचनाच्याच कसोटीवर!

वर्णनाला धरून वाचण्यातही खाच आहे. वर्णनात व्हिनाइलचं उदाहरण आहे, एवढ्यावरून क्लेम व्हिनाइलपुरता होत नाही. वर्णनात शब्दाची व्याख्या किंवा एखाद्या अर्थाला स्पष्ट नकार असेल तरच अर्थ आखडावा.

क्लेम चार्टमध्ये (क्लेमच्या अटी आणि जुना कागद समोरासमोर मांडणाऱ्या तक्त्यात) प्रत्येक अटीसमोर वर्णनातला परिच्छेद आणि दोन्ही अर्थ लिहा. जुन्या कागदातल्या आडव्या छेदाचे थर खालून मोजा आणि पाय कुठल्या थरावर पडतो ते बघा. अरुंद अर्थानेही सगळ्या अटी एकाच कागदात सापडल्या, तर नावीन्य गेलंच. फक्त ऐसपैस अर्थानेच सापडत असतील, तर री-एक्झामिनेशनचा रस्ता मोकळा आहे. पण तो अर्थ उद्या उल्लंघनाच्या दाव्यात तुमच्याच मालाला लागू पडतो का, हे अर्जाआधी तपासा. प्रकरणागणिक फरक पडेल, तरी माझा कल वर्णनाकडेच आहे.