शासकीय कर्मचाऱ्यांसाठीचे ‘विविधता आणि समावेशन’ प्रशिक्षण : दिव्यांगत्वावर भक्कम, जातीवर गप्प

जिल्हा पातळीवरील शासकीय कार्यालयांतील कर्मचाऱ्यांसाठी घेतल्या गेलेल्या ‘विविधता आणि समावेशन’ या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला आमच्या कार्यालयातून जी तुकडी गेली, तीत माझा समावेश होता. प्रशिक्षण एका खाजगी संस्थेने घेतले. तिचे नाव येथे देत नाही, कारण मला संस्थेपेक्षा प्रशिक्षणाच्या आशयाबद्दल बोलायचे आहे. मी आस्थापना शाखेत काम करते. रजा, बदल्या, बिंदुनामावली (कोणते पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव, याची नोंदवही), सेवापुस्तके आणि तक्रारअर्ज हेच माझे रोजचे काम असल्यामुळे, इथे शिकलेले टेबलावर किती उपयोगी पडेल, या एकाच कसोटीवर मी हे दोन दिवस पारखले. माझे मत आधीच सांगते. दिव्यांगत्वाविषयीचा भाग मी आजवर पाहिलेल्या कोणत्याही शासकीय प्रशिक्षणापेक्षा सरस होता. जातीविषयीचा भाग मात्र जवळपास नव्हताच, आणि महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयासाठी ही उणीव किरकोळ नाही.

पहिल्या दिवशीच्या सकाळच्या सत्राच्या प्रशिक्षक स्वतः अंध होत्या. त्यांनी सहभागी कार्यालयांकडून प्रत्येकी दोन-तीन परिपत्रके आधीच मागवून घेतली होती. ‘एनव्हीडीए’ हे मोफत मिळणारे, पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर त्यांनी लॅपटॉपवर सुरू केले, त्याचा आवाज सभागृहाच्या ध्वनिक्षेपकाला जोडला आणि आमचीच परिपत्रके एकेक करून उघडली. पहिले परिपत्रक सही-शिक्क्यासह स्कॅन केलेले होते. सॉफ्टवेअरने फाइलचे नाव उच्चारले आणि ते थांबले, कारण त्याच्या दृष्टीने त्या पानावर अक्षरे नव्हतीच, केवळ एक चित्र होते. दुसरे परिपत्रक युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरसंकेतात, नसून जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले होते. ते वाचताना सॉफ्टवेअरने रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची सरमिसळ सुरू केली. तिसरे युनिकोडमध्ये होते, आणि त्यातील जावक क्रमांकापासून ‘प्रत माहितीस्तव’पर्यंतचा सारा मजकूर स्वच्छ मराठीत ऐकू आला. त्यानंतर त्यांनी पहिल्या, म्हणजे स्कॅन केलेल्या परिपत्रकाचा विषय आमच्यापैकी एकाला मोठ्याने वाचायला सांगितला. तो दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या वाहतूक भत्त्याचा होता.

या एका प्रात्यक्षिकाने जे साधले ते तासभराच्या व्याख्यानाने साधले नसते. त्यावरचा उपायही त्यांनी तिथेच दिला : मजकूर युनिकोडमध्येच टंकावा, सही झालेल्या स्कॅन प्रतीसोबत मूळ मजकुराची फाइलही पाठवावी, तक्ते चित्र म्हणून चिकटवू नयेत आणि शीर्षके नुसती ठळक न करता ‘शीर्षक’ म्हणूनच नोंदवावीत, म्हणजे ऐकून वाचणाऱ्याला थेट हव्या त्या भागावर जाता येते. यासाठी निधी लागत नाही, निविदा लागत नाही आणि वरिष्ठांची मंजुरीही लागत नाही. परत आल्यावर मी माझ्या शाखेची परिपत्रके याच पद्धतीने पाठवायला सुरुवात केली आहे.

दुपारचे सत्र दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ वर होते. दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, शासकीय नोकरीतील आरक्षण ४ टक्के झाले, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. प्रशिक्षकांनी त्यावर वेळ न दवडता कलम २० चे एक प्रकरण सोडवायला दिले : कार्यालयाच्या वाहनावरील चालकाची दृष्टी सेवेत असताना अधू झाली आहे, वैद्यकीय मंडळाने त्याला वाहन चालवण्यास अपात्र ठरवले आहे, आता तुम्ही टिपणी काय सादर कराल? आमच्या गटातील अनुभवी लिपिकांनीही ‘रुग्णता निवृत्तीचा प्रस्ताव’ असेच लिहिले. कायदा नेमके उलटे सांगतो. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सेवेतून काढता येत नाही, की पदावनतही करता येत नाही. तो त्या पदाला योग्य राहिला नसेल तर त्याला त्याच वेतनश्रेणीच्या व सेवालाभांच्या दुसऱ्या पदावर नेमायचे असते, आणि तसे पद नसेल तर योग्य पद उपलब्ध होईपर्यंत किंवा नियत वयोमानापर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत, अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांहून जादा पदावर ठेवता येते. ही तरतूद १९९५ च्या कायद्यातही होती. म्हणजे दोन दशकांहून अधिक काळ जी गोष्ट आस्थापना शाखेला तोंडपाठ असायला हवी, ती एका प्रशिक्षणात प्रथम कळते, आणि अज्ञानापोटी लिहिलेल्या एका टिपणीने एखाद्या कुटुंबाचा पगार बंद होऊ शकतो. प्रशासकीय अधिकाऱ्यांच्या सर्व प्रशिक्षण अभ्यासक्रमांत दिव्यांग हक्कांचा समावेश सक्तीचा करण्याची जबाबदारी कलम ४७ ने शासनावर टाकली आहे, ती का, हे त्या दुपारी पुरेपूर पटले.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात. सभागृह तळमजल्यावर होते, प्रवेशाशी उतरण होती आणि आमच्यातील एका कर्णबधिर सहकाऱ्यासाठी सांकेतिक भाषेच्या दोन दुभाषी पूर्ण वेळ हजर होत्या व ठरावीक वेळाने एकमेकींची जागा घेत होत्या. त्या सहकाऱ्याने दोन दिवसांत जितके प्रश्न विचारले तितके कार्यालयाच्या मासिक बैठकीत विचारलेले मी कधी पाहिले नव्हते. स्वच्छतागृहाला मात्र उंच उंबरठा होता, चाकाची खुर्ची आत जात नव्हती. संस्थेने ही पाहणी आधी करायला हवी होती.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यावरील सत्र कामचलाऊ झाले. वक्त्या अभ्यासू होत्या, परंतु त्यांनी आणलेली सारी उदाहरणे खाजगी कंपन्यांमधली होती : रात्रीच्या पार्ट्या, परदेशी ग्राहक, मनुष्यबळ विभागाचे ईमेल. गावोगाव फिरणारी आशा, पंचनाम्याला जाणारी ग्राम महसूल अधिकारी, निवडणुकीच्या कामासाठी परगावी रात्र काढणारी लिपिक, यांच्या कामाची जागा नेमकी कोणती, हा आमच्यापुढचा खरा प्रश्न आहे. नोकरीच्या निमित्ताने जिथे जावे लागते ते ठिकाण आणि त्यासाठी नियोक्त्याने पुरवलेले वाहनही कायद्याच्या दृष्टीने कामाची जागाच ठरते, हे उत्तर त्यांच्या सादरीकरणात शेवटच्या ओळीत होते. तक्रारीची तीन महिन्यांची मुदत, चौकशीचे ९० दिवस, समितीत किमान निम्म्या महिला आणि बाहेरचा एक सदस्य ही माहिती नीट मिळाली. परंतु समिती स्थापन केल्याचा आदेश दर्शनी भागात लावणे हे नियोक्त्याचे कर्तव्य आहे, यावर कोणी थांबले नाही, आणि ज्या कार्यालयात समितीच्या अध्यक्षांचे नाव शिपायापासून अभ्यागतापर्यंत कोणालाच ठाऊक नसते तिथे बाकीची माहिती निरुपयोगी ठरते.

याहून अधिक खटकले ते भंवरीदेवींचे नावही न घेणे. त्या राजस्थान शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’, म्हणजे गावपातळीवरील कार्यकर्ती होत्या. बालविवाह रोखण्याचे सरकारी काम करत होत्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला, आणि त्यातूनच पुढे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा विशाखा निकाल आला. ज्या कायद्याचा उगमच शासनाच्या सर्वांत खालच्या पायरीवरील एका कार्यकर्तीच्या अनुभवात आहे, तो शासकीय कर्मचाऱ्यांना कंपन्यांच्या उदाहरणांतून शिकवणे अयोग्य आहे.

तृतीयपंथी नागरिकांविषयीचे सत्र लहान, पण प्रामाणिक होते. एका तृतीयपंथी कार्यकर्तीने नागरिकाची आणि आमच्यातील दोघांनी खिडकीवरील लिपिकाची भूमिका केली. शिधापत्रिकेवर जुने नाव, ओळखपत्रावर नवे नाव आणि मागे रांग, असा प्रसंग होता. लिपिकाने जुने नाव मोठ्याने पुकारताच कार्यकर्तीने प्रात्यक्षिक थांबवले आणि विचारले, ‘‘तुम्ही आत्ता माझ्या मागच्या सगळ्या रांगेला काय सांगितलंत?’’ टोकन क्रमांकाने बोलावणे, विसंगती असल्यास कागद अर्जदाराकडे वळवून त्यावर बोट ठेवून हळू आवाजात विचारणे, एवढ्या साध्या गोष्टी त्यातून ठरल्या. २०१९ च्या कायद्यानुसार प्रत्येक आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमायचा असतो, हे सांगितले गेले. पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथी उमेदवारांसाठी पर्याय ठेवण्याचा प्रश्न डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेला होता, त्याचीही चर्चा झाली असती तर हा विषय केवळ खिडकीपुरता न राहता सहकारी म्हणून येणाऱ्या व्यक्तीपर्यंत पोहोचला असता.

आता जातीविषयी. दोन दिवसांत तिच्या वाट्याला संविधानाच्या अनुच्छेद १४ ते १७ ची, म्हणजे समानता आणि अस्पृश्यताबंदीच्या तरतुदींची, एक स्लाइड आली. एका सहभागी कर्मचाऱ्याने हात वर करून विचारले की, खुल्या गुणवत्तेवर निवड होऊनही मला ‘कोट्यातला’ म्हटले जाते, यावर कार्यालयाने काय करावे? त्यावर प्रशिक्षकांनी, आरक्षण हा धोरणाचा विषय असल्यामुळे आपण त्यात शिरू नये, असे उत्तर दिले आणि पुढची स्लाइड लावली. प्रश्न धोरणाबद्दल नव्हताच. तो सहकाऱ्यांच्या वागण्याबद्दल होता, आणि वागणूक हाच या प्रशिक्षणाचा विषय होता. तो कर्मचारी पुढे प्रशिक्षण संपेपर्यंत बोलला नाही.

शासकीय कार्यालयात जात कशी वावरते हे आस्थापना शाखेत बसणाऱ्याला सांगावे लागत नाही. नवा माणूस रुजू झाला की आडनाव विचारले जाते. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव, आणि गावावरूनही झाला नाही तर ‘गावात घर कोणत्या बाजूला?’ सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावरील जातीची नोंद शासकीय कामासाठी असते, पण ती पाहण्यासाठी सबबी काढून लोक आमच्या कपाटापाशी येतात. बिंदुनामावलीच्या प्रती ज्यांचा तिच्याशी संबंध नाही अशांच्या मोबाईलवर फिरतात. लेखा आणि खरेदीची टेबले कोणाकडे जातात, आवक-जावकीला वर्षानुवर्षे कोण बसते आणि सफाई कर्मचाऱ्याचा चहाचा पेला कुठे ठेवलेला असतो, हे सर्व उघड्या डोळ्यांनी दिसते. यातील एकही गोष्ट प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत नव्हती.

आणि साहित्यासाठी कुठे दूर जाण्याचीही गरज नव्हती. १९१७ मध्ये परदेशातून उच्चशिक्षण घेऊन आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले तेव्हा शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबूनच टाकत, आणि शहरात राहायला जागा न मिळाल्यामुळे त्यांना ती नोकरी सोडावी लागली. महाराज सयाजीरावांसारखा राजा पाठीशी असूनही कचेरीतील वागणुकीने हे घडवले. नियुक्ती पुरेशी नसते, कार्यालयानेही माणसाला सामावून घ्यावे लागते, हे शिकवणारे याहून नेमके उदाहरण मला माहीत नाही. कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी १९०२ मध्ये ५० टक्के जागा राखीव ठेवल्या, हे सर्वांना माहीत असते. पण १९१९ मध्ये त्यांनी आपल्या अधिकाऱ्यांसाठी काढलेला हुकूम फारसा सांगितला जात नाही : संस्थानच्या नोकरीत आलेल्या अस्पृश्य कर्मचाऱ्यांना ममतेने व समतेने वागवावे, आणि ज्या अधिकाऱ्याला हे मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्याला निवृत्तिवेतन मिळणार नाही. भरतीचा हुकूम काढून महाराज थांबले नाहीत. वागणुकीची जबाबदारी त्यांनी वरिष्ठांवर टाकली आणि तिला निवृत्तिवेतनाशी जोडले. शासकीय कर्मचाऱ्यांच्या समावेशनाचे प्रशिक्षण महाराष्ट्रात घ्यायचे असेल तर त्याची सुरुवात या हुकमाच्या वाचनाने व्हावी, असे मला मनापासून वाटते.

वरिष्ठांचा विषय निघालाच आहे तर : वर्ग एकचे अधिकारी उद्घाटनापुरते थांबले. कंत्राटी कर्मचारी, संगणक चालक आणि सफाई कामगार यांना निमंत्रणच नव्हते. लैंगिक छळाविषयीचा कायदा रोजंदारी आणि कंत्राटी महिलांनाही संरक्षण देतो, तरीही ज्यांना त्याची सर्वाधिक गरज आहे त्याच सभागृहाबाहेर होत्या. ही चूक प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेची कमी आणि नावे कळवणाऱ्या कार्यालयांची अधिक आहे. बोलीवरून होणाऱ्या थट्टेवर, विशेषतः आदिवासी भागातून आलेल्या सहकाऱ्यांच्या उच्चारांवरून होणाऱ्या शेरेबाजीवर, शेवटी वीसेक मिनिटे मिळाली. ती चांगली गेली, पण तोवर बसची वेळ झाली होती.

मिशन कर्मयोगी या केंद्र सरकारच्या कर्मचारी-प्रशिक्षण कार्यक्रमाला २०२० मध्ये मंजुरी मिळाल्यापासून ऑनलाइन अभ्यासक्रमांची सोय वाढली आहे, आणि कायद्यातील कलमे, मुदती, समितीची रचना एवढे शिकण्यासाठी ती पुरेशी आहे, असे माझे मत आहे. म्हणूनच प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे दोन दिवस स्लाइड वाचण्यात घालवू नयेत. परिपत्रकाचे प्रात्यक्षिक, चालकाचे प्रकरण आणि खिडकीवरचा प्रसंग यांसारख्या गोष्टींनीच ते भरलेले असावेत. जातीवरचे सत्र समाविष्ट करण्याची अट आपल्या कार्यालयाने संस्थेला आधीच लेखी घातली, तर हे प्रशिक्षण घेण्याची शिफारस मी निःसंकोच करेन. ती अट घालता आली नाही तरी पहिल्या दिवसासाठी आस्थापना आणि टपाल शाखेच्या कर्मचाऱ्यांची नावे अवश्य कळवावीत. नोंदणीच्या अर्जात ‘आपणास कोणत्या सोयी लागतील?’ असा एक रकाना आहे. तो ‘निरंक’ लिहून शाखेतूनच परस्पर न पाठवता संबंधित कर्मचाऱ्याला विचारून भरावा, कारण दुभाषींची व्यवस्था करण्यास संस्थेला पुरेशी आगाऊ सूचना लागते.