पहिले मनगटी घड्याळ : आठ महिन्यांच्या वापरानंतर

हे घड्याळ घेताना माझा बहुतेक वेळ तबकडीचा रंग निवडण्यात गेला. आठ महिने ते रोज वापरल्यावर ध्यानात आले की घड्याळ हातात राहते की टेबलावर पडून राहते, हे रंगावर फारसे अवलंबून नसते. घड्याळ साधेच आहे : क्वार्ट्झ म्हणजे बॅटरीवर चालणारे यंत्र, ३८ मिलिमीटर व्यासाचे स्टीलचे आवरण, खनिज काच, तारखेची खिडकी, चामड्याचा १८ मिलिमीटर रुंदीचा पट्टा आणि मागच्या झाकणावर पाण्यापासूनच्या संरक्षणाचा, ३० मीटर असा कोरलेला आकडा.

याच किमतीच्या आसपास एक ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरली जाणारे, घड्याळही समोर होते आणि त्याचा सरकत जाणारा सेकंद काटा पाहून मन डळमळले होते, हे कबूल करतो. परंतु स्वस्त ऑटोमॅटिक घड्याळ दिवसाला दहा-वीस सेकंद पुढेमागे होणे अगदी सामान्य आहे आणि दोन दिवस हातात घातले नाही तर ते बंद पडते. पहिल्या घड्याळाकडून मला वेळ हवी होती, सांभाळण्याची जबाबदारी नको होती. क्वार्ट्झ घड्याळात सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा स्फटिक असतो आणि ती कंपने पंधरा वेळा निम्मी करत नेली की नेमका सेकंदाला एक ठोका उरतो. १९६९ साली सेइकोने अ‍ॅस्ट्रॉन हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले तेव्हा ती चैनीची वस्तू होती. आज तेच तंत्र सर्वांत स्वस्त घड्याळांत असते. माझे घड्याळ महिन्याला सुमारे अकरा सेकंद पुढे जाते, म्हणजे आठ महिन्यांत दीड मिनिटही नाही.

मापाबाबत मात्र सविस्तर सांगायला हवे. जाहिरातीत केवळ व्यास दिलेला असतो, पण घड्याळ मनगटावर कसे बसेल हे ठरते ते पट्टा अडकवण्याच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतच्या लांबीवर. माझ्या मनगटाची वरची सपाट बाजू जेमतेम ५० मिलिमीटर भरते आणि या घड्याळाची ती लांबी ४६ आहे, म्हणून ते बाहीखाली मुकाट्याने बसते. आधी ४२ मिलिमीटर व्यासाचे एक घड्याळ घालून पाहिले होते, त्याची टोके मनगटाच्या दोन्ही कडांबाहेर येत होती आणि टंकलेखन करताना ते टेबलाच्या कडेला आपटत होते. घेण्याआधी मोजपट्टीने स्वतःचे मनगट मोजावे, एवढे काम मी आधी केले असते तर दोन आठवड्यांचा घोळ वाचला असता.

तिसऱ्या महिन्यात तबकडीच्या काचेला आतून वाफ धरली. चूक माझीच होती : तारीख लावून झाल्यावर बाजूची चावी पूर्ण आत दाबली नाही आणि तशीच भांडी घासली. दुरुस्ती करणाऱ्याने झाकण उघडून यंत्र वाळवले, सुदैवाने गंज चढलेला नव्हता. ३० मीटर हा आकडा पाण्याच्या स्थिर दाबाच्या चाचणीचा असतो. व्यवहारात त्याचा अर्थ पावसाचे थेंब आणि हात धुणे एवढाच घ्यावा. पोहणाऱ्याने १०० मीटरच्या खालचे घड्याळ पाहूच नये.

चामड्याचा पट्टा दिसायला देखणा होता, पण घामाने पाचव्या महिन्यात त्याला वास येऊ लागला. त्याजागी नायलॉनचा पट्टा घातला, तो हाताने धुता येतो आणि तासाभरात वाळतो. रुंदी सर्रास मिळणारी असल्यामुळे पट्टा शोधायला त्रास पडला नाही. काही घड्याळांचे पट्टे त्या एकाच नमुन्याला बसतील अशा आकाराचे असतात आणि तो फाटला की घड्याळाचेच अडते.

काचेवर चारच्या अंकाजवळ एक बारीक ओरखडा आहे, भिंतीला घासल्याचा. जास्त कठीण अशा नीलमणी काचेवर तो उमटला नसता, पण ती या किमतीत क्वचितच मिळते. अंधारात चमकणारे काटे झोपताना दिसतात, पहाटे दिसत नाहीत. सेकंद काटा खुणांच्या किंचित पुढे थांबतो, ही गोष्ट एकदा दिसली की दिसतच राहते. रात्री उशाशी ठेवले तर टिकटिक ऐकू येते, म्हणून आता ते खणात ठेवतो.

तारखेचे एक पथ्य आहे. ती प्रत्येक महिना ३१ दिवसांचा धरते, त्यामुळे वर्षातून पाच वेळा हाताने पुढे करावी लागते आणि रात्री साधारण ९ ते पहाटे ३ या वेळात करायची नसते, कारण तेव्हा तारखेची दातेरी चाके एकमेकांत गुंतलेली असतात. मी ते काम १ तारखेला सकाळी चहा घेताना उरकतो आणि मग चावी आत गेली आहे ना, हे दोनदा दाबून पाहतो.